पेट्रोलचा वास आला की स्विचला हात लावू नका

जुन्या गाडीला थोडा पेट्रोलचा वास यायचाच, असं म्हणून आपल्याकडे बरेच जण गप्प बसतात. ‘चालतंय की’ हे कोल्हापुरी उत्तर इथे मात्र चालत नाही. गाडी वीस वर्षांची असो वा तीस, आत बसल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर कुठेतरी लिकेज आहे, असंच धरून चालावं.

पेटते ती पेट्रोलची वाफ. ती व्हायला उकाडा लागत नाही. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ जमते. म्हणून थंडीतल्या पहाटेचा गारठाही आपल्याला वाचवत नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. पन्हाळ्याचं धुकं उतारावरून खाली सरकतं तशी ती जमिनीलगत पसरते आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात किंवा गटारात साचून राहते, फरक इतकाच की ती दिसत नाही. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की एक ठिणगी पुरते. चहाच्या कपाएवढं, 100 मिलिलिटर पेट्रोल सांडून पूर्ण उडालं, तर एक घनमीटरभर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. बंद शेडमध्ये रात्रभर ठिबकणारा पाइप काय करू शकतो, हे यावरून समजावं.

गळती बहुतेक वेळा रबरी पाइपांतून सुरू होते. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, क्लिपपाशी बारीक भेगा पडतात. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यात तयार होतं आणि शेतकऱ्याला त्याचा आधारही आहे. पण जुन्या गाड्यांतली काही रबरं त्याने फुगतात, मऊ पडतात. 2023 च्या एप्रिलपासून बनणाऱ्या गाड्यांचे भाग या इंधनाला टिकतील असे असतात, त्याआधीच्या सगळ्यांची तशी खात्री नाही. म्हणून पाइप बदलताना इथेनॉलला चालणारा फ्युएल पाइपच मागून घ्या. पाण्याचा पाइप कापून बसवणं हा शुद्ध धोका आहे. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर असतो; त्यात येणारं पेट्रोल रोखणारी सुईसारखी झडप, म्हणजे निडल व्हॉल्व्ह, अडकली तर पेट्रोल वरून ओसंडतं, तेही तपासून घ्यावं.

वास आला तर काय करायचं? गाडी चालू असेल तर मोकळ्या जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. बंद शेडमध्ये वास आला तर चावी फिरवूच नका. शेडचा दिवा बंद असेल तर बंदच ठेवा, चालू असेल तर चालूच. ठिणगी पडते ती स्विच दाबताना. दारं उघडा, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत बाहेर काढा. बॅटरीची वायर लगेच ओढायला जाऊ नका. टर्मिनल सुटतानाच ठिणगी उडते, म्हणून वास पूर्ण गेल्यावरच, आणि तीही आधी निगेटिव्ह. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप फिरतो, हे ध्यानात असू द्या. सांडलेल्यावर कोरडी वाळू किंवा माती टाका. पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगत गटारात जातं, म्हणजे धोका शेजाऱ्याच्या दारात. आग लागलीच तर पाणी नको, आग विझवायचं ड्राय पावडरचं सिलिंडर वापरा. ज्वाळा बॉनेटखाली असतील तर बॉनेट सताड उघडू नका. आग आवाक्याबाहेर वाटली तर लांब व्हा आणि 101 फिरवा.

टाकीतून पाझर असेल तर मेकॅनिक कपड्याचा साबण घासून भेग बुजवतात. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे ही युक्ती तेवढ्यापुरती चालते. पण त्यावर महिनाभर गाडी फिरवणं बरोबर नाही. आपल्या पावसाळ्यात चिखल धरून टाकीचं बूड गंजतं आणि भेग वाढतच जाते.

वेल्डिंगच्या बाबतीत तर मला कळकळीने सांगावंसं वाटतं. भरलेल्या टाकीपेक्षा ‘रिकामी’ टाकी जास्त घातक असते. भरलेल्या टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला हवा पुरत नाही. टाकी ओतून रिकामी केली की आत हवा शिरते, तळाशी राहिलेल्या पेट्रोलची वाफ तिच्यात मिसळते आणि मिश्रण नेमकं स्फोटाच्या प्रमाणात येऊ शकतं. दोन दिवस उन्हात ठेवली, वास गेला, एवढ्यावर टाकीला वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका. पाण्याच्या वाफेने नीट धुऊन, आत पाणी भरून काम करणारा माहीतगार कारागीर मिळाला तरच वेल्डिंग करा, नाहीतर सरळ टाकी बदला.