काठीची तपासणी: मुलींच्या लॅक्रॉसमधला नियम आणि खिलाडूवृत्तीचा जुना वाद

पंच मुलीच्या हातातली काठी घेतात, आडवी धरतात, जाळीत पिवळा रबरी चेंडू ठेवतात, एका हातानं थोडा दाबतात आणि सोडून देतात. मग गुडघ्यात वाकून डोळ्यांच्या रेषेत बघतात. काठीच्या डोक्याच्या कडेवर चेंडूचा माथा दिसला तर काठी नियमात बसते. नाही दिसला तर काठी बाद, आणि ही तपासणी गोलानंतर लगेच झाली असेल तर तो गोलही फलकावरून उतरू शकतो.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलण्या-फेकण्याचा, गोल करण्याचा खेळ. अमेरिकेतल्या हायस्कूल मुलींच्या लॅक्रॉसमध्ये सामन्याआधी पंच सगळ्या काठ्या अशा तपासतात. त्याशिवाय सामना चालू असताना समोरच्या कोचला तपासणीची मागणी करता येते. ती कधी करायची हे कोच ठरवतो, आणि नियमाच्या चौकटीतलं हेच स्वातंत्र्य वादाचं मूळ आहे. पहिल्याच मिनिटाला संशय आला तरी गप्प बसून शेवटच्या, बरोबरी मोडणाऱ्या गोलानंतर हात वर करायला नियमाची आडकाठी नाही. मग पालक कठड्याला टेकून ओरडतात, हरलेल्या मुली रडतात आणि स्थानिक वर्तमानपत्रात खिलाडूवृत्तीवर पत्रं येतात.

चेंडूचा माथा दिसण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला मागे जावं लागतं. लॅक्रॉस हा मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. त्यांच्यातल्या होडेनोशोनी (इरोक्वाय) लोकांसाठी तो आजही निव्वळ करमणूक नाही. त्याला उपचाराचा आणि प्रार्थनेचा अर्थ आहे, आणि त्या परंपरेत पुरुषांच्या लाकडी काठीला बायकांनी हात लावायचा नाही असा संकेत आहे. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बियर्स यांनी 1867 मध्ये या खेळाला लेखी नियम दिले. 1884 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या सेंट लिओनार्ड्स शाळेच्या माजी मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात एक सामना पाहिला आणि तिथून तो खेळ शाळेतल्या मुलींपर्यंत आला. 1890 मध्ये त्या शाळेत मुलींचा पहिला सामना झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी 1926 मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींचा संघ उभा केला. अमेरिकेतलं मुलींचं लॅक्रॉस तिथून पसरलं.

पुढे पुरुषांचा खेळ हेल्मेट, हातमोजे, खांद्याचे पॅड आणि अंगावर धडकण्याची मुभा या दिशेनं गेला. मुलींचा खेळ स्कॉटलंडहून आलेल्या वळणावरच राहिला. अंगाला धक्का नाही, गोलरक्षक सोडली तर अंगावर चिलखत नाही, आणि जाळी उथळ. पुरुषांच्या काठीची जाळी खोल असते, चेंडू तिच्यात बसून राहतो. मुलींच्या उथळ जाळीतून तो सतत निसटू पाहतो, म्हणून पळताना मनगट फिरवत काठी झुलवावी लागते. बचाव करणारी मुलगी काठीवर काठी मारून चेंडू पाडू शकते, तेही याच उथळपणामुळे. जाळी थोडी खोल केली की चेंडू पडत नाही आणि फटकाही जोरात बसतो. धसमुसळेपणाला बंदी असलेल्या खेळात बचावाच्या हाती राहिलेलं हे एकच हत्यार बोथट होतं. त्यामुळे काठीचा नियम मला क्षुल्लक वाटत नाही. तो सैल सोडला तर खेळच बदलतो.

पण इथे एक मेख आहे. जुन्या पद्धतीच्या जाळीत चामड्याच्या किंवा नायलॉनच्या वाद्या असतात, आणि त्या ताणल्या जातात. पावसात भिजल्या तर आणखीच. सकाळी तपासणीत पास झालेली काठी दुपारच्या उत्तरार्धात नापास होऊ शकते, मुलीनं वाद्यांना बोटही न लावता. आणि काही मुली तपासणीनंतर मुद्दाम वाद्या सैल करतात हेही तितकंच खरं. पंचांना दोन्ही काठ्या सारख्याच दिसतात. मनातला हेतू मोजायचं साधन कुणाकडे नाही, म्हणून शिक्षा चेंडूच्या माथ्यावरून ठरते. 2018 पासून मुलींच्या काठीत विणलेल्या जाळीला परवानगी मिळाली; खोलीची अट मात्र तशीच आहे.

दुसरा वाद माउथगार्डचा, म्हणजे दात सांभाळायला तोंडात घालायच्या कवचाचा. हायस्कूलच्या नियमांनी ते पांढरं किंवा पारदर्शक नको असं ठरवलं. कारण सरळ आहे: दुरून पंचांना दिसलं पाहिजे. त्यापायी कुणाला जास्त वेग मिळत नाही की नेम सुधारत नाही. तरीही साधनाच्या चुकीबद्दल चेंडू दुसऱ्या संघाकडे जाऊ शकतो, आणि जादा वेळेत चेंडूचा ताबा म्हणजे निम्मा विजय. इथे मला कोचच्या मागणीची चीड येते. चुकीच्या रंगाचं माउथगार्ड दिसलं तर सामन्याआधी जाऊन पोरीला सांगावं. ते राखून ठेवायचं आणि नेमक्या क्षणी काढायचं, ही हुशारी झाली. सुरक्षेची काळजी नव्हे.

हा फरक माझ्याआधीही केला गेला आहे, बेसबॉलमध्ये. 24 जुलै 1983 रोजी यँकी स्टेडियममध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटनं नवव्या डावात होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून संघाला 5-4 असं पुढे नेलं. यँकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन लगेच पंचांकडे गेले: बॅटला पकडीसाठी लावायची राळ मुठीकडच्या 18 इंचांच्या पुढे लावली आहे. ब्रेटची बॅट त्यांच्या लोकांना आधीपासून माहीत होती. मार्टिन फक्त वेळेची वाट पाहत होते. पंचांनी ब्रेटला बाद दिलं, सामना संपला. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो निर्णय फिरवला. राळेनं चेंडू लांब जात नाही, नियमाचा हेतू तो नव्हता आणि आक्षेप घ्यायचा तर आधी घ्यायला हवा होता, हा त्यांच्या निकालाचा गाभा. उरलेला खेळ 18 ऑगस्टला झाला आणि गुणफलक 5-4 च राहिला.

आईस हॉकीत याच्या उलट झालं. 3 जून 1993, स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना. लॉस एंजेलिस किंग्ज 2-1 नं पुढे, 1 मिनिट 45 सेकंद शिल्लक. मॉन्ट्रियलचे कोच जाक डेमर्स यांनी किंग्जच्या मार्टी मॅकसोर्लीच्या काठीचा बाक मोजायला लावला. बाक जास्त निघाला, मॅकसोर्लीला दोन मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा झाली, एरिक डेजार्डिननं बरोबरी केली आणि जादा वेळेत 51 व्या सेकंदाला सामनाही जिंकून दिला. मॉन्ट्रियलनं मालिका 4-1 अशी घेतली. पण तिथे मागणीला किंमत होती. काठी नियमात निघाली असती तर शिक्षा डेमर्सच्या संघाला झाली असती. मागणारा जोखीम पत्करतो तेव्हा लोक तिला डाव म्हणतात, फुकट मागतो तेव्हा चोरटेपणा. आपल्याकडे मांकडिंगवर 1947 पासून चाललेली भांडणं, आणि 24 सप्टेंबर 2022 रोजी लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं चार्ली डीनला धावबाद केल्यावर उठलेला गदारोळ वाचलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

संरक्षक साधनांच्या वादात तर दोन्ही बाजूंना खेळाचंच प्रेम आहे. 2005 पासून मैदानावरच्या मुलींना डोळ्यांवर जाळीचा चष्मा सक्तीचा झाला. चष्म्यानं मुली बेफिकीर होतील, खेळ पुरुषांसारखा होईल, अशी भीती अनेक जुन्या खेळाडूंनी व्यक्त केली. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या शाळांच्या अभ्यासात सक्तीनंतर डोळ्यांच्या दुखापतींचं प्रमाण सुमारे एक-षष्ठांशावर आलं. मग प्रश्न डोक्याचा. 2015 मध्ये मुलींच्या खेळासाठी लवचिक हेडगिअरचं मानक आलं, आणि फ्लोरिडानं 2018 पासून ते शाळांना सक्तीचं केलं. बहुतेक ठिकाणी ते ऐच्छिकच राहिलं. पुढच्या एका अभ्यासात सक्ती नसलेल्या राज्यांत मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण 59 टक्के जास्त आढळलं. तरी विरोधकांचा मुद्दा पुसला गेलेला नाही: हेल्मेट दिसलं की समोरची काठी अधिक जोरात येते. आकडे बघता मी फ्लोरिडाच्या बाजूनं आहे.

आता राहिला कोचचा हक्क. खोल जाळीनं गोल होत असेल तर तो गोल काढून घेण्यात अन्याय नाही. मागणी पहिल्या मिनिटाला आली की शेवटच्या, यानं काठी बदलत नाही. मात्र ज्या चुकीतून कुणाचा फायदा होत नाही, तिच्यासाठी मुलीला बाहेर पाठवून माउथगार्ड बदलून आणायला लावावं, एवढंच पुरे. चेंडू जिथे होता तिथेच राहू द्यावा.