दाढीचे फोड व अमेरिकी सैन्यसेवा

गुळगुळीत दाढी केल्यावर कापलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरतो आणि तिथे फोड येतो. वैद्यकीय भाषेत हा विकार म्हणजे स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी; बोलण्यात ‘रेझर बम्प्स’. हा केसतोडा नव्हे. केसतोड्यात केसाच्या मुळाशी जंतूंचा संसर्ग होतो; इथे माणसाचा स्वतःचाच केस काट्यासारखा रुततो आणि शरीर त्याला परकी वस्तू समजून सूज आणते. संसर्ग झालाच तर मागाहून. म्हणून अशा जवानाला अस्वच्छ म्हणणे चूक आहे, आणि अन्यायाचेही.

कुरळ्या केसाचे मूळ त्वचेखालीही वाकलेले असते. तिरका कापल्यावर त्याला अणकुचीदार टोक येते. हा केस बाहेर येऊन वळतो व शेजारच्या त्वचेत घुसतो. फार खोल कापला गेला तर बाहेर येण्याआधीच, ज्या नळीतून तो उगवतो तिची भिंत आतूनच भेदतो. कृष्णवर्णीय पुरुषांत हा त्रास सर्वाधिक आढळतो. आपल्याकडेही दाट, कुरळी दाढी असलेल्यांच्या मानेवर असे फोड दिसतात. दुर्लक्ष केल्यास काळे डाग राहतात, कधी वणही जाड होतात.

अमेरिकी सैन्यात दाढी सफाचट ठेवण्याचा नियम आहे. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. नागरी जीवनात चार दिवस दाढी न करता त्वचेला विसावा देता येतो. जवानाला तो मिळत नाही.

फोड आलेले असताना वस्तरा चालवू नये, हा पहिला नियम. साधारण ४ आठवडे दाढी थांबवली की वाढणारा केस स्प्रिंगसारखा ताणला जाऊन बहुधा आपोआप सुटतो. अडकलेल्या केसाचे टोक निर्जंतुक सुईने अलगद वर काढावे. केस उपटू नये, कारण नवा केस पुन्हा आतच रुतण्याची भीती असते.

नंतरची दाढी कोमट पाण्याने केस चांगले मऊ करून, भरपूर फेस लावून, केसांच्या वाढीच्या दिशेने करावी. उलटा हात मारू नये. गालाची कातडी ताणून धरू नये. ताण सुटला की कापलेला केस आत ओढला जातो. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये हाच धोका: एक पाते केस उचलते, पुढचे कापते आणि उरलेला खुंट त्वचेखाली जातो. एकाच पात्याचा रेझर बरा. त्याहून बरा विजेचा क्लिपर, अर्धा ते एक मिलिमीटर खुंट ठेवणारा. परेडला चेहरा स्वच्छ दिसतो आणि केसाला आत वळायला वाव राहत नाही. माझ्या मते सगळ्या उपायांचे मर्म या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे.

बेरियम सल्फाइड किंवा कॅल्शियम थायोग्लायकोलेट असलेली केसनाशके केसाचे टोक बोथट करतात, पण वास उग्र असतो आणि जास्त वेळ ठेवल्यास कातडी भाजते. रोज तर वापरूच नयेत. ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक आम्ल, सौम्य स्टेरॉइड मलम ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात. टिकाऊ उपाय म्हणजे लेझर. गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेझर निवडतात, कारण तो त्वचेतल्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो. मात्र त्या जागेची दाढी पुढे विरळ होते, म्हणून हा निर्णय जवानाचा स्वतःचा असायला हवा.

हे सगळे करूनही फोड येत राहिले, तर दाढी न करण्याची वैद्यकीय सवलत मिळते. भूदलात तिला ‘शेव्हिंग प्रोफाइल’ म्हणतात. हवाई दलाने २०२० मध्ये अशी सवलत ५ वर्षांपर्यंत वाढवली होती. २०२५ मध्ये वारे फिरले: संरक्षण खात्याने उपचार-योजना सक्तीची केली आणि वर्षभराहून अधिक काळ सवलत लागणाऱ्यांना सेवेतून काढण्याचा मार्ग खुला केला. ब्रिटिश भूदलाने मात्र मार्च २०२४ मध्ये नीटनेटक्या दाढीला परवानगी दिली.