अमायलेज

स्टार्चचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या साहाय्याने तुकडे) करणाऱ्या एंझाइमांचा गट. पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोड आणलेल्या सातूच्या अर्कातून असे एंझाइम वेगळे केले आणि त्याला ‘डायास्टेज’ म्हटले.

स्टार्चमधील ग्लुकोज-साखळी अल्फा-१,४ बंधांनी जोडलेली असते. फाटे फुटतात तिथे अल्फा-१,६ बंध असतो. गटातल्या प्रत्येक एंझाइमाची तोडण्याची तऱ्हा ठरलेली आहे आणि बाकीचे बहुतेक गुण त्यावरूनच समजतात. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडते. त्यामुळे दाट खळ काही मिनिटांत पातळ होते, पण साखर सुरुवातीला थोडीच बनते. बीटा-अमायलेज टोकाकडून माल्टोज (दोन ग्लुकोजची साखर) सोडवत जाते आणि फाट्यापाशी अडते. ग्लुकोअमायलेज एकेक ग्लुकोज काढते, फाट्याचा बंधही तोडते, मात्र सावकाश. म्हणूनच कारखान्यात स्टार्चपासून ग्लुकोज करताना आधी उष्णता सोसणारे जिवाणूजन्य अल्फा-अमायलेज सुमारे १०५° से. तापमानाला वापरतात आणि नंतर ६०° से. व सामू (pH) ४.५ च्या आसपास ग्लुकोअमायलेज घालतात.

लाळेतील अमायलेजची क्रिया पाहायची तर १% स्टार्च उकळून थंड करावा, दहापट पातळ केलेली लाळ त्यात मिसळून मिश्रण ३७° से. ला ठेवावे आणि दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनच्या थेंबात टाकावा. निळा रंग जांभळट, मग तांबूस होत शेवटी उमटेनासा होतो. स्टार्च नीट शिजलेला नसेल तर कणांच्या आत एंझाइम सहज शिरत नाही आणि निळा रंग रेंगाळतो. उलट नमुना गरम असेल तर पचन न होताही निळा रंग उडतो. तो थंड झाल्यावर परत येतो, म्हणून थेंब गार करूनच पाहावा. तुलनेसाठी उकळलेल्या लाळेची नळी शेजारी हवीच. रंग गेला म्हणजे ग्लुकोज झाले, असे मात्र नव्हे. नळीत मुख्यतः माल्टोज, माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोजची साखर) आणि डेक्स्ट्रिन (स्टार्चचे आखूड तुकडे) असतात.

अल्फा-अमायलेजला कॅल्शियम लागते, प्राण्यांच्या अल्फा-अमायलेजला क्लोराइडही. म्हणून रक्तातले अमायलेज मोजताना ईडीटीए, सायट्रेट किंवा ऑक्झलेट (रक्त गोठू न देणारी द्रव्ये) असलेल्या नळीत रक्त घेतले तर कॅल्शियम बांधले जाऊन आकडा खोटा कमी येतो. तपासणी सीरमवर (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावर) किंवा हेपॅरिन या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नळीतल्या रक्तावर करावी. अमायलेज बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात सहसा ६ ते १२ तासांत रक्तातली पातळी चढते आणि ३ ते ५ दिवसांत उतरते. उशिरा आलेल्या रुग्णात ती सामान्य दिसू शकते. अशा वेळी जास्त दिवस चढे राहणारे लायपेज (मेद पचवणारे एंझाइम) अधिक भरवशाचे.