थरारपटाचे प्रारंभदृश्य

थरारपटाचे प्रारंभदृश्य : थरारपटाच्या पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षकाच्या मनात धास्ती पेरणारे दृश्य किंवा दृश्यमालिका. नायक कोण, गाव कोणते, हे या वेळात कळले नाही तरी चालते. काहीतरी बिनसले आहे एवढे मात्र कळावे लागते. दचकणे आणि धास्तावणे हे दोन शब्द इथे वेगळे ठेवलेले बरे. दचका क्षणात ओसरतो. धास्ती ताणता येते, आणि प्रारंभदृश्य तिच्यावरच उभे राहते.

धास्तीचा उगम बहुधा माहितीच्या वाटणीत असतो : पडद्यावरच्या माणसाला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय. याचा नेहमी दिला जाणारा दाखला म्हणजे ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटाचा पहिला शॉट. छायालेखक रसेल मेटी यांनी क्रेनवरून घेतलेला हा शॉट सुमारे ३ मिनिटे २० सेकंद कुठेही न तुटता चालतो. सुरुवातीला दोन हात बॉम्बचा टायमर फिरवताना दिसतात. बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवला जातो, एक जोडपे गाडीत बसते आणि अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या गावातून गाडी सावकाश निघते. गाडीला वारंवार थांबावे लागते. वाहतूक अडते, शेळ्या आडव्या येतात. नायक-नायिका तिच्या आगेमागे पायी चालत असतात. कॅमेरा मध्येच गाडी सोडून त्यांच्यामागे जातो, आणि धास्ती सर्वांत जास्त वाढते ती तिथेच, कारण गाडी कुठे आहे हे आता दिसत नाही. डोक्यात टिकटिक ऐकू येते असे गाडीतली बाई सीमेवर सांगते, पण तिकडे कोणी लक्ष देत नाही. कट नसल्यामुळे पडद्यावरचा वेळ आणि टायमरचा वेळ एकच होतो. मध्ये एखादा कट टाकला असता तर निर्मात्याने काही सेकंद चोरले असावेत, असा संशय प्रेक्षकाला आला असता.

स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत घातले होते. वेल्स यांच्या ५८ पानी टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये चित्रपटाचे पुन्हा संकलन केले, तेव्हा ही दोन्ही काढली. त्यांच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांमधले आणि गाडीच्या रेडिओवरचे संगीत आले. गाडी चौकटीबाहेर गेली तरी तिचा रेडिओ जवळ आल्याचे, लांब गेल्याचे कानाला कळत राहते. अक्षरे वाचण्यात डोळे गुंतले की गाडीवरची नजर सुटते, हा श्रेयनामावलीचा तोटाही दोन आवृत्त्या लागोपाठ पाहिल्यावर सहज ध्यानात येतो.

उलट बाजूने, न दाखवण्यातून, भीती उभी करण्याची वाट फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन बोलपटाने घालून दिली. आई जेवणाचे ताट मांडून मुलीची वाट पाहते, घड्याळाकडे बघते, हाका मारते. हाकेवर दिसतात ते रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला माळा आणि टेबलावरचे न वापरलेले ताट. मग झुडपातून चेंडू घरंगळत येतो आणि फुगा वरच्या तारांत अडकतो. खून पडद्यावर होतच नाही. ‘जॉज’ (१९७५) मध्येही पहिल्या हल्ल्यात शार्क दिसत नाही. पोहणाऱ्या तरुणीला पाण्यात हिसके बसतात ते दोरांनी ओढून, आणि जॉन विल्यम्स यांचे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन सूर उरलेले काम करतात.

ध्वनी ही निम्मी भीती असते, आणि कमी खर्चाच्या निर्मितीत तीच आधी फसते. शांतता हवी म्हणून ध्वनिपट्टी पूर्ण बंद केली तर स्पीकर बिघडला असे वाटते. ते टाळण्यासाठी प्रत्येक जागेचा नुसता सभोवतालचा आवाज किमान ३० ते ६० सेकंद वेगळा मुद्रित करून ठेवतात आणि संकलनात त्यातला एकेक थर काढतात : आधी लांबचा कुत्रा, मग पंखा, शेवटी रातकिडे. चालत्या पावलांच्या चाहुलीने रातकिडे गप्प होतात, हे खेड्यात राहिलेल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. खर्जातला घुमारा स्टुडिओत अंगावर येतो, पण मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. म्हणून त्याला वरच्या सप्तकातली एखादी घासती साथ द्यावी लागते.

प्रकाशाच्या बाबतीत अंधार म्हणजे कमी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात कमी प्रकाश घेणे) हा गैरसमज सार्वत्रिक आहे. सगळेच कमी उजेडात टिपले की डिजिटल चित्रात दाणे उठतात आणि काळे रंग राखाडी होतात. चेहऱ्याच्या उजळ आणि सावलीच्या बाजूंत ८:१, म्हणजे तीन स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) फरक ठेवावा. चौकटीत कुठेतरी एक दिवा किंवा उजळ खिडकी असावी. तुलनेला उजेड असला तरच अंधार जाणवतो. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रीकरणात जुन्या ट्यूबलाइटखाली १८० अंशांच्या शटरवर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश मिळताना) चित्र लुकलुकू शकते; तिथे १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद, ठेवतात. मुद्दाम मिणमिणता केलेला दिवा ही वेगळी गोष्ट. तो तालात लुकलुकला तर खोटा वाटतो.

चौकटीत साधारणपणे माणूस ज्या दिशेला पाहतो तिकडे जागा मोकळी सोडतात. ती समोर आखडून पाठीमागे सोडली की काही न घडताही प्रेक्षक त्या रिकाम्या जागेवर लक्ष ठेवू लागतो. रुंद दृश्य टिपणाऱ्या २४ मिमी लेन्सने बोळ लांबलचक दिसतो आणि चालून येणारा माणूस एकाएकी अंगावर आल्यासारखा वाटतो. दूरचे जवळ आणणाऱ्या, १०० मिमीच्या पुढच्या लेन्सने कोणीतरी दुरून न्याहाळत असल्याचा भास होतो. कलत्या चौकटीचा मात्र अतिरेक झाला आहे. तिसऱ्या वेळेपासून ती फक्त वाकडी दिसते.

संकलनात शॉटची लांबी हळूहळू घटवणे, उदाहरणार्थ सहा सेकंदांवरून दीडवर आणणे, ही रुळलेली पद्धत. त्याहून परिणामकारक म्हणजे प्रेक्षक कट होईल असे धरून बसतो तिथे एक-दोन सेकंद थांबणे. पुढच्या शॉटचा आवाज १२ फ्रेम आधी सोडला तर मान वळण्याआधी कान टवकारतात. दचका द्यायचाच असेल तर आधी एक पोकळ धोका येऊन जाऊ द्यावा लागतो, श्वास सुटू द्यावा लागतो. मात्र तो पोकळ धोका मांजराचाच निघाला, तर प्रेक्षक हसतो.

कच्चे संकलन तपासताना दृश्य एकदा आवाज बंद करून पाहतात आणि एकदा पडदा झाकून नुसते ऐकतात. दोन्ही वेळा एकाच जागी लक्ष उडत असेल तर दोष बहुधा छायालेखनात किंवा ध्वनीत नसतो. त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे, हे पटकथेतच ठरलेले नसते.