पार्श्वभूमी : फेटा आधी की नंतर?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आगरी गावांच्या जत्रांत आजही कुस्त्यांचे आखाडे भरतात. वाशीच्या घाऊक बाजारामुळे सातारा-सांगलीकडून येऊन कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावलेल्या माथाडी कुटुंबांनीही तालमीची ओढ सोबत आणली. त्यामुळे लंगोट म्हणजे काय किंवा शड्डू कशाला ठोकतात, हे येथील वाचकाला सांगायला नको. या टिपणाचा विषय दुसरी कुस्ती आहे, म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसणारी, निकाल आधी ठरवून खेळली जाणारी. आणि त्यातही मल्लाच्या अंगावरचा कपडा.

तुलनेसाठी मातीकडे एकदा पाहावे लागते. हौदात दोघेही लंगोट-जांघियावरच असतात. जांघियाला हात घालून पकड घेता येते, म्हणजे कपडा हेसुद्धा डावाचे साधनच ठरते. कोण कोणत्या तालमीचा हे जाणकार ओळखतात, परंतु अंगावरच्या कपड्यावरून कोणी सज्जन किंवा दुर्जन ठरत नाही. मानाचे वस्त्र निकालानंतर येते. चीतपट करणाऱ्याच्या डोक्यावर फेटा बांधला जातो आणि १९६१ पासून सुरू झालेल्या राज्याच्या मानाच्या स्पर्धेत खांद्यावर गदा दिली जाते.

दुसऱ्या कुस्तीला मराठीत काय म्हणायचे, हा गुंता मात्र अद्याप सुटलेला नाही. ‘व्यावसायिक’ हा शब्द फसवा आहे, कारण इनामावर लढणारा गावाकडचा पैलवानही व्यवसायच करतो. १९५० आणि ६०च्या दशकांत वरळीच्या स्टेडियमवर देशी-परदेशी मल्लांच्या ज्या लढती होत, त्या ‘फ्री स्टाइल’ म्हणून ओळखल्या जात. तेथे ठोसे आणि उडी मारून घातलेल्या लाथा चालत. ऑलिम्पिकमधील फ्रीस्टाइल ही त्याहून अगदी वेगळी, नियमांत घट्ट बांधलेली कुस्ती आहे. तिच्या नावाचा अर्थ एवढाच की, ग्रीको-रोमन या ऑलिम्पिकमधील दुसऱ्या कुस्तीत कमरेखाली पकड घेण्यास मज्जाव असतो, तसा तिच्यात नाही. १९५२ साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी मिळवलेले कांस्यपदक या ऑलिम्पिक फ्रीस्टाइलमधले होते. वृत्तपत्रांनी मात्र वरळीचाच अर्थ उचलला, आणि आजही महापालिकेच्या सभागृहात धक्काबुक्की झाली की ‘नगरसेवकांत फ्रीस्टाइल’ असा मथळा पडतो. ‘नुरा कुस्ती’ हा शब्द जवळचा वाटतो, पण नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक अभिप्रेत असते. येथे प्रेक्षकाला सारे ठाऊक असते; निदान १९८९ पासून तरी, कारण त्या वर्षी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे हे केवळ मनोरंजन असल्याचे मान्य केले. त्यामागे प्रामाणिकपणापेक्षा क्रीडा आयोगाची देखरेख आणि शुल्क टाळण्याचा हिशोब अधिक होता, हेही नोंदवले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या मते नावापेक्षा कपडा ही खात्रीची खूण आहे. गादीवरच्या, म्हणजे मॅटवर ऑलिम्पिक पद्धतीने लढणाऱ्या मल्लाला लाल किंवा निळा कॉस्च्युम दिला जातो. रंगाची निवड त्याच्या हाती नसते आणि त्या रंगातून त्याच्या स्वभावाविषयी काहीही कळत नाही. रिंगमधील मल्लाचा झगा, मुखवटा किंवा टोपी मात्र घंटा वाजण्यापूर्वीच सांगून टाकते की, याला टाळ्या द्यायच्या की याची हुर्यो उडवायची. वरळीच्या लढतींतील आपला लाडका मल्ल दारासिंग साध्या चड्डीवर उतरत असे, आणि ‘हा आखाड्यातलाच आहे’ ही त्याची प्रतिमा त्या साधेपणावरच उभी होती.

झगमगाटाची सुरुवात परदेशात झाली. १९४०च्या दशकात एक अमेरिकी मल्ल केस सोनेरी व कुरळे करून, भरजरी झगा घालून येई आणि त्याचा नोकर रिंगमध्ये अत्तर फवारी. नव्या दूरचित्रवाणीने त्याला घरोघरी पोहोचवले. मेक्सिकोत त्याच दशकात मुखवटा हीच मल्लाची अब्रू ठरली आणि हरणाऱ्याचा मुखवटा उतरवण्याच्या अटीवर लढती होऊ लागल्या.

आपल्याकडे हे सारे आले ते १९९०च्या दशकात, केबलवाल्याच्या तारेतून. नौपाड्यातील किंवा कळव्यातील ज्यांचे बालपण त्या काळातले आहे, त्यांना या मल्लांच्या चित्रांच्या ट्रम्प कार्डांचा गठ्ठा आठवत असेल. कार्डावर उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेले असत, पण पोरे मल्लाला ओळखत ती कपड्यावरून. काळी रुंद कडांची टोपी आणि घोट्यापर्यंतचा काळा कोट घालून येणारा मल्ल सर्वांत सोपा, कारण पावसाळ्यात वडिलांचा काळा रेनकोट अंगावर चढवला की जिन्यातल्या अंधारात तोच अवतार उभा राहत असे. त्याच काळात पिवळ्या-तांबड्या पोशाखातला एक लोकप्रिय नायक १९९६ साली खलनायकांना जाऊन मिळाला आणि थोड्याच दिवसांत काळ्या कपड्यांत वावरू लागला. कथानकात विश्वासघात घडला होता खरा, तरी अनेकांना तो रंग बदलल्यावरच पटला.

याच वर्षी एका मल्लाच्या घोषणेतून जन्मलेला ‘३:१६’ हा आकडा पुढे ठाणे स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांकडील काळ्या टी-शर्टांवर आला. बायबलमधील एका वचनाची ती टिंगल होती, हे घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे. येथून पोशाखाचे गणित बदलले. झगा मल्लापुरता असतो; टी-शर्ट प्रेक्षक विकत घेऊ शकतो. २००० नंतरच्या दशकात गुडघ्यापर्यंतची जीन्स, टोपी आणि मनगटपट्टे घालून धावत येणारा एक मल्ल मोसमागणिक टी-शर्टचा रंग बदलू लागला, म्हणजे पोशाख आणि दुकान एकच झाले.

फेट्याची गोष्ट अधिक वादग्रस्त आहे. १९७०च्या दशकापासून जपानमध्ये एक शीख मल्ल पगडी बांधून, हाती तलवार घेऊन खलनायकाची भूमिका करीत असे. मे २०१७ मध्ये कॅनडात जन्मलेल्या पंजाबी वंशाच्या मल्लाला अमेरिकी कंपनीने अजिंक्यपद दिले. तोही पगडी बांधून येई आणि तेथील प्रेक्षकांनी त्याच्यावर ओरडावे, अशीच योजना होती. भारतीय बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला हा निर्णय असल्याचे तेव्हा बहुतेकांनी मानले, आणि ते मानण्यास जागा आहे. परंतु जो कपडा आपल्याकडे विजयानंतर डोक्यावर चढतो, तोच परका आणि उद्धट माणूस ओळखण्याची खूण म्हणून वापरला गेला, याची चर्चा पुरेशी झाली नाही. साडेपाच महिन्यांनी पद गेले. डिसेंबरमध्ये दिल्लीत तो कंपनीच्याच एका ज्येष्ठ अमेरिकी मल्लाकडून हरला, आणि लढत संपल्यावर दोघांनी रिंगमध्ये भांगडा केला.