विषाणू शहाणा नसतो

‘शहाणा विषाणू आपल्या यजमानाला मारत नाही. यजमान मेला की विषाणूचंही घर गेलं. म्हणून कुठलीही महासाथ आपोआप सौम्य होत जाते.’ कोविडच्या काळात हे मी असंख्य वेळा ऐकलं. सांगणारे अडाणी नव्हते. विज्ञान शिकलेली माणसं होती, त्यांत एक-दोन डॉक्टरही होते. आजही कुठे नवा विषाणू सापडल्याची बातमी आली की हाच दिलासा पुन्हा फिरू लागतो. महासाथीविषयीच्या सगळ्या गैरसमजांत मला हा सर्वांत घातक वाटतो. मोबाइलच्या टॉवरमुळे साथ येते असं कुणी म्हटलं तर ऐकणारे निदान शंका घेतात. हा गैरसमज उत्क्रांतीच्या सिद्धांताचा हवाला देत येतो, त्यामुळे तो कुणी तपासत नाही. आणि तो पटलेला माणूस लस टाळून, विषाणू मवाळ होण्याची वाट बघत बसतो.

कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करणारे अमेरिकन जिवाणुशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांच्या नावाशी ती जोडली जाते. परजीवी आणि यजमान फार काळ एकत्र राहिले की एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात, असं तिचं सार. तिच्या बाजूने नेहमी एक उदाहरण दिलं जातं, ते ऑस्ट्रेलियातल्या सशांचं. उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. पूर्ण सांगितलं की त्याचा अर्थ पार बदलतो, म्हणून ते इथे सविस्तर सांगतो.

१८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून आणवलेले दोनेक डझन ससे व्हिक्टोरियात सोडले. त्यांना खाणारं तिथे फारसं कुणी नव्हतं. काही दशकांत ससे कोट्यवधी झाले आणि कुरणंच्या कुरणं उजाड होऊ लागली. शेवटी १९५० साली सरकारी शास्त्रज्ञांनी मिक्झोमा नावाचा विषाणू त्यांच्यात मुद्दाम सोडला. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशांना या विषाणूने त्वचेवर एखादी गाठ येते, इतकंच. युरोपीय सशांना मात्र तो अनोळखी होता. त्यांच्या पापण्या सुजून डोळे मिटत, डोकं सुजे, अंगावर गाठी येत आणि दोन आठवड्यांच्या आत ससा मरे. सुरुवातीला लागण झालेल्या दर हजार सशांपैकी सुमारे ९९८ मेले.

त्याच सुमारास मरे नदीच्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, आणि सशांचा विषाणूच माणसांना मारतोय अशी भीती पसरली. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीज रॉस या तिघा ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी जिवंत मिक्झोमा विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही. मेंदूज्वराचा विषाणू वेगळाच होता. लोकांची भीती घालवायला याहून सरळ उत्तर मला तरी ठाऊक नाही.

या तिघांपैकी फेनर पुढे वर्षानुवर्षं सशांच्या मागावर राहिले. रानातल्या आजारी सशांमधून ते विषाणूचे नमुने गोळा करत आणि ज्यांचा या रोगाशी कधीच संबंध आला नव्हता अशा प्रयोगशाळेतल्या सशांना टोचत. किती ससे मरतात आणि किती दिवसांनी मरतात, यावरून त्यांनी विषाणूच्या मारकतेच्या पाच प्रती, म्हणजे पाच दर्जे, ठरवले. पहिली प्रत जवळजवळ सगळ्यांना तेरा दिवसांच्या आत मारणारी. पाचवी प्रत निम्म्याहून कमी सशांना मारणारी. १९५० साली सोडलेला विषाणू पहिल्या प्रतीचा होता. काही वर्षांतच रानात तो मागे पडला आणि तिसऱ्या प्रतीची चलती झाली.

असं का झालं, हाच या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. मिक्झोमा डासांमार्फत पसरतो, पण डासाच्या शरीरात वाढत नाही. आजारी सशाच्या गाठीत डास सोंड खुपसतो तेव्हा सोंडेच्या टोकाला विषाणू चिकटतो आणि पुढच्या सशाला चावताना तिथे उतरतो. एकाला टोचलेली सुई न धुता दुसऱ्याला टोचावी, तसंच हे. म्हणजे विषाणूचा प्रसार दोन गोष्टींवर ठरतो. गाठीत विषाणू किती दाट आहे, ही पहिली. अशा गाठी घेऊन ससा किती दिवस जिवंत राहतो, ही दुसरी. ससा मेला आणि थंड पडला की डास त्याच्याकडे फिरकत नाही.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा, पहिल्या प्रतीचा ससा दिवसाला सरासरी एका नव्या सशापर्यंत रोग पोचवतो, पण गाठी उठल्यावर सहाच दिवस जगतो. एकूण लागण सहा सशांना. तिसऱ्या प्रतीचा ससा दिवसाला पाऊण सशापर्यंतच रोग पोचवतो, पण सोळा दिवस जगतो. एकूण बारा. पाचव्या प्रतीत ससा महिनाभर आजारी राहून बराही होतो, पण त्याच्या गाठी विरळ असतात. दिवसाला एक दशांश धरला तर महिन्याभरात तीन. सर्वांत जहाल प्रत हरली आणि सर्वांत सौम्य प्रतही हरली. जिंकली मधली.

रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी १९८२ साली हेच गणिताच्या भाषेत मांडलं. एका रुग्णापासून होणारी एकूण लागण हा एक अपूर्णांक माना. अंशात रोजच्या लागणीचा वेग. छेदात तीन वेगांची बेरीज: बरं होण्याचा, या रोगाने मरण्याचा आणि इतर कारणांनी मरण्याचा. विषाणू जास्त मारक झाला की छेद वाढतो आणि अपूर्णांक लहान होतो. पण जास्त मारक विषाणू बहुधा शरीरात जास्त दाट वाढलेला असतो, म्हणून अंशही वाढतो. अंश आणि छेद यांच्या या ओढाताणीत अपूर्णांक जिथे सर्वांत मोठा होतो, तिथे नैसर्गिक निवड स्थिरावते. ती जागा शून्य मारकतेपाशी असायला हवी, असं या गणितात कुठेही लिहिलेलं नाही.

सशांच्या बाबतीत ती जागा कुठे आली? तिसरी प्रत ७० ते ९५ टक्के सशांना मारते. ‘विषाणू सौम्य झाला’ हे जे वाक्य सगळीकडे सांगितलं जातं, त्यातली सौम्यता ही अशी आहे.

मग रानात पुढे सशांचे मृत्यू कमी का झाले? याचं उत्तर काढण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या युराना तळ्याजवळच्या सशांवर एक सुरेख प्रयोग झाला. दोन साथींच्या मधल्या काळात जन्मलेली, रोग न झालेली पिल्लं पकडून वाढवायची आणि त्यांना प्रयोगशाळेत जपून ठेवलेला, न बदललेला विषाणू टोचायचा. दर खेपेला विषाणू तोच, फक्त ससे नव्या पिढीचे. सुरुवातीला या विषाणूने सुमारे ९० टक्के ससे मरत. सात साथी होऊन गेल्यावर त्याच विषाणूने मरणारे ससे सुमारे २५ टक्क्यांवर आले. बदल सशांमध्ये झाला होता. आनुवंशिकदृष्ट्या कमकुवत ससे मरून गेले होते, आणि उरलेल्यांची संतती चिवट होती. निसर्गाचं ‘जुळवून घेणं’ ते हेच, आणि त्याची किंमत सशांनी आपल्या जिवाने चुकवली.

गोष्ट इथेही संपत नाही. १९९५ साली ऑस्ट्रेलियातच सशांचा दुसरा एक विषाणू, रक्तस्रावी रोगाचा, वॉर्डँग बेटावरच्या चाचण्यांमधून निसटून मुख्य भूमीवर पोचला. हा सशाला दोन-तीन दिवसांत मारतो. त्याच्या प्रसारात माश्यांचा मोठा वाटा आहे, आणि माश्या बसतात मेलेल्या सशावर. इथे यजमान मेल्याने विषाणूचं घर जात नाही. विषाणूने भरलेलं कलेवर हेच त्याच्या प्रसाराचं कोठार होतं. पुढच्या काळात गोळा केलेले त्याचे नमुने तपासले, तर नंतरचे नमुने आधीच्यांपेक्षा जास्त मारक निघाले. देश तोच, प्राणी तोच. विषाणू मात्र उलट्या दिशेला गेला, कारण त्याची एकापासून दुसऱ्याकडे जाण्याची वाट वेगळी होती.

म्हणून नव्या विषाणूबद्दल ‘तो किती मारतो’ याच्या बरोबरीने ‘तो पसरतो कधी’ हे विचारायला हवं. कोविडचा रुग्ण सर्वांत जास्त संसर्गजन्य असतो तो लक्षणं दिसण्याच्या आगेमागे, एक-दोन दिवस आधीपासून पुढे काही दिवस. मृत्यू ओढवलाच तर तो बहुधा लक्षणांनंतर दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणू पुढे निघून गेलेला असतो. वरच्या अपूर्णांकात रोगाने मरण्याचा वेग छेदात असतो, पण संसर्गाच्या दिवसांत मृत्यू जवळजवळ नसतोच, म्हणून तो आकडा इथे शून्याच्या जवळ राहतो. रुग्ण पंधरा दिवसांनी मेला काय आणि बरा झाला काय, विषाणूच्या हिशेबात फरक पडत नाही. त्याला सौम्य होण्याकडे ढकलणारं फारसं काही उरत नाही. प्रत्यक्षातही तसंच दिसलं. अल्फा हा प्रकार मूळ विषाणूपेक्षा जास्त मारक ठरला, आणि डेल्टाने रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका अल्फाच्या सुमारे दुप्पट असल्याचं ब्रिटनमधल्या अभ्यासात आढळलं.

२००३ साली आलेल्या सार्स या श्वसनरोगाचं वेळापत्रक उलटं होतं. त्याचा रुग्ण सर्वांत जास्त संसर्गजन्य होई तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुधा रुग्णालयात पोचल्यावर. त्यामुळे रुग्ण वेगळे ठेवून साथ आवरता आली. नोंदलेले रुग्ण ८,०९८ आणि मृत्यू ७७४, म्हणजे जवळजवळ दहापैकी एक. कोविडमध्ये रुग्ण दगावण्याचं प्रमाण याहून पुष्कळ कमी होतं, तरी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा जगभर सुमारे १ कोटी ४९ लाख जास्त मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ‘९९ टक्के लोक तर वाचतात’ असं म्हणताना ती टक्केवारी कितीजणांना लावायची हे विसरलं जातं. जो विषाणू कुणाच्याच प्रतिकारशक्तीच्या ओळखीचा नाही, तो जवळजवळ सगळ्यांपर्यंत पोचू शकतो, आणि एक टक्कासुद्धा सगळ्यांचा एक टक्का होतो.

‘पण ओमिक्रॉन तर सौम्य होता ना?’ हा प्रश्न रास्त आहे. ओमिक्रॉन डेल्टापासून निघालेला नव्हता. तो वंशवृक्षाच्या वेगळ्याच फांदीवरून आला, त्यामुळे ‘डेल्टा मवाळ होत होत ओमिक्रॉन झाला’ हे मुळातच चूक. तो श्वासनलिकांत वेगाने वाढे आणि फुप्फुसांच्या खोल भागात कमी, म्हणून काही अंशी खरोखरच कमी मारक होता. पण तोवर बहुतेक देशांतली माणसं लस घेऊन किंवा आजारातून जाऊन तयार झालेली होती. युरानाच्या पिल्लांसारखा प्रयोग इथे कुणी मुद्दाम करणार नाही. दुर्दैवाने हाँगकाँगमध्ये तो आपोआप झाला. तिथे आधीच्या लाटा नीट रोखल्या गेल्या होत्या, पण बऱ्याच वृद्धांनी लस घेतली नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला तोच ‘सौम्य’ ओमिक्रॉन आला आणि काही महिन्यांत नऊ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी लस घेतलेली नव्हती. मार्चमध्ये तिथला लोकसंख्येच्या मानाने मृत्युदर जगात सर्वांत जास्त होता.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाची पहिली, वसंतातली लाट बरीच मवाळ होती. शरद ऋतूत आलेली दुसरी लाट भयंकर ठरली. इन्फ्लुएन्झा हा शब्द मूळचा इटालियन, अर्थ ‘प्रभाव’. साथी ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने येतात अशी समजूत त्या नावामागे आहे. आजही साथ आली की ग्रहयोग शोधणारे निघतात. मला वाटतं, ‘निसर्ग विषाणूला आवरेलच’ हा विश्वासही त्याच जातीचा आहे. दोन्हींत कुणीतरी कुठेतरी आपला विचार करतंय असं गृहीत धरलेलं असतं. दर नव्या उपप्रकाराला राक्षसी टोपणनाव देणाऱ्या बातम्यांचीही तीच चूक, फक्त त्यांचा विषाणू दुष्ट असतो. प्रत्यक्षात विषाणूला हेतूच नसतो. नक्कल होताना चुका होतात, आणि त्यांतल्या ज्या नकला जास्त ठिकाणी पोचतात त्या उरतात.

शेकडो वर्षं माणसात राहिलेल्या देवीच्या विषाणूकडेच पाहा. विसाव्या शतकातही त्याची जहाल जात सुमारे ३० टक्के रुग्णांचा जीव घेत होती. सुमारे एक टक्का रुग्णांना मारणारी सौम्य जातही होती. अमेरिकेत ती बरीच फोफावली, पण आशियात जहाल जात मुळीच मागे हटली नाही. लसीकरणाने दोन्ही जाती संपवल्या. जहाल जातीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७५ साली बांगलादेशात सापडला, सौम्य जातीचा १९७७ साली सोमालियात. देवी खरोखर संपली का हे तपासणाऱ्या जागतिक आयोगाच्या अध्यक्षपदी सशांवर काम केलेले फेनरच होते. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे.