काकांचा कलप आणि माझा डेव्हलपर

दर दुसऱ्या रविवारी आमचे काका बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या मागच्या गॅलरीत स्टुलावर बसतात. खांद्यावर जुना टॉवेल, हातात प्लास्टिकची वाटी. दोन ट्यूब पिळायच्या, ब्रशने कालवायच्या, डोक्याला थापायच्या आणि अर्धा तास कुणाशी न बोलता बसून राहायचं. वाटीतली पेस्ट सुरुवातीला फिकट असते, काळेपणा चढतो तो डोक्यावर गेल्यानंतर. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला मी कलर फिल्म धुण्यासाठी डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, बनवत असतो. काकांच्या मते माझं काहीतरी भलतंच चाललेलं असतं. खरं तर त्या वेळी आम्ही दोघंही जवळपास एकच रसायन करत असतो.

कलपाच्या एका ट्यूबमध्ये फिनिलीनडायअमिन घराण्यातलं द्रव्य असतं आणि दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड त्या द्रव्याचं ऑक्सिडीकरण करतं. मग ते शेजारच्या जोडीदार रेणूला जाऊन चिकटतं आणि रंग जन्माला येतो. माझ्या डेव्हलपरमधलं मुख्य द्रव्य, सीडी-४, हे याच घराण्यातलं. फिल्ममध्ये पेरॉक्साइड मात्र नसतं. ते काम चांदीचा क्षार करतो, आणि तेही फक्त जिथे उजेड पडला आहे तिथेच. काकांच्या डोक्यावर रंग सगळीकडे सारखा बसतो, फिल्मवर त्याचं चित्र होतं. फरक काय तो एवढाच.

जर्मनीच्या रुडॉल्फ फिशर यांनी १९१२ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. अडचण अशी होती की कलर फिल्मच्या एकावर एक असलेल्या तीन थरांतले जोडीदार रेणू, म्हणजे कपलर, आपापल्या थरात टिकत नसत, पाझरून एकमेकांत मिसळत. १९३५ च्या कोडाक्रोम या कोडॅकच्या कलर फिल्ममध्ये म्हणूनच कपलर फिल्मबाहेर, डेव्हलपरमध्ये ठेवावे लागले, आणि ते धुणं घरच्या माणसाच्या आवाक्यातलं राहिलं नाही. १९३६ मध्ये आग्फा या जर्मन कंपनीने कपलरच्या रेणूला लांबलचक शेपूट जोडून त्याला थरातच अडकवून टाकलं. आजच्या कलर निगेटिव्हमध्ये कपलर आधीपासूनच फिल्ममध्ये असतात. वरच्या थरात पिवळा, मधल्यात मॅजेंटा आणि खालच्यात सायन रंग तयार होतो, आणि त्या तिन्हींसाठी डेव्हलपर एकच लागतो. गॅलरीत हे जमतं ते त्या शेपटीमुळे.

रंगाच्या रसायनाचं बडोद्याला नवल नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. त्याची धुरा सांभाळणारे त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि तिथे कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवलं जाई. पुढे सिनेमावाले झालेले दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले तेही इथेच. तेव्हाचा फोटो अर्थात काळा-पांढरा, आणि रंगाची कढई वेगळ्या खोलीत. एका इमारतीतल्या या दोन विद्या एकाच बाटलीत यायला बराच काळ जावा लागला.

आता बाटलीकडे. आज कलर निगेटिव्ह धुण्याची जी पद्धत सर्रास चालते ती सी-४१, कोडॅकने १९७२ मध्ये आणलेली. एक लिटर डेव्हलपरला साधारण पस्तीसेक ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, चार-सव्वाचार ग्रॅम सोडियम सल्फाइट, दीडेक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड, दोनेक ग्रॅम हायड्रॉक्सिलअमिन सल्फेट आणि पावणेपाच ग्रॅम सीडी-४ लागतं. पीएच दहाच्या आसपास. सीडी-४ सगळ्यात शेवटी घालायचं, कारण अल्कलीत पडलं की त्याला हवा बाधू लागते. ताजं द्रावण फिकट असतं. ठेवून ठेवून चहासारखं झालं की समजायचं, संपलं.

यात मला सगळ्यात गमतीचं वाटतं ते सल्फाइट. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या डी-७६ डेव्हलपरमध्ये ते लिटरला चांगलं १०० ग्रॅम असतं आणि हवेपासून द्रावणाचं रक्षण करतं. मग इथे चारच ग्रॅम का? मी पहिल्यांदा कृती वाचली तेव्हा छापताना शून्य राहिलंय असंच वाटलं होतं. पण ऑक्सिडीकरण झालेलं सीडी-४ कपलरकडे निघालेलं असतं आणि सल्फाइट त्याला वाटेतच गाठतं. दोघांपासून बनतं ते बिनरंगाचं. म्हणजे राखणदारच चोर! सल्फाइट जास्त झालं की चांदी नीट उमटते, रंग मात्र फिका पडतो. म्हणून ते चिमूटभर ठेवून राखणीचं उरलेलं काम हायड्रॉक्सिलअमिनला दिलेलं आहे.

आणखी एक वस्तू लागते, पोटॅशियम आयोडाइड. लिटरला फक्त दोन मिलिग्रॅम. माझा काटा एका ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो, म्हणजे हा कण त्याच्या खिजगणतीतही नाही. युक्ती सोपी आहे. एक ग्रॅम आयोडाइड एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं दोन मिलिलिटर सिरिंजने ओढून घ्यायचं.

काट्याने मला एकदा दगा दिला, पण दोष माझाच. जुलैतली गोष्ट. कार्बोनेटच्या पिशवीचं तोंड रबरबँडने बांधून ठेवलं होतं. हे मीठ हवेतली ओल गुळासारखी ओढतं. मी पस्तीस ग्रॅम मोजले, त्यातले किती ग्रॅम नुसतं पाणी होतं देव जाणे. पीएच खाली राहिला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो असे निघाले, जणू कुणी दुधात पाणी घातलंय. आता कार्बोनेट लोणच्याच्या बरणीत असतं आणि बरणीवर लाल शाईत ‘खायचं नाही’.

तापमानाचा नियम ३७.८ अंश, म्हणजे १०० फॅरनहाइट, आणि वेळ सव्वातीन मिनिटं. कोडॅक पाव अंशाचीही सूट देत नाही. हा खडूसपणा नव्हे. डेव्हलपर वरच्या थरातून खाली झिरपतो, तापमान चुकलं की तिन्ही थरांची चाल वेगवेगळी बिघडते. मग सावल्या हिरवट आणि उजेड गुलाबी असं काहीतरी होतं, आणि ते नंतर सुधारता येत नाही. लोक बादलीत हीटर लावून पाणी तापवतात. बडोद्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की मला बर्फ घालावा लागतो.

पुढचं पटकन. ब्लिच चांदीचं पुन्हा क्षारात रूपांतर करतं, फिक्सर तो क्षार विरघळवून नेतो, आणि फिल्मवर नुसता रंग उरतो. या दोन्ही बाटल्या मी तयार विकत आणतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो मोरीत ओतायचा नाही. मोरीतलं शेवटी विश्वामित्री नदीत जातं, आणि तिथल्या मगरींना आधीच पुष्कळ सोसावं लागतं. मी तो कॅनमध्ये साठवतो आणि त्यात स्टील वूल टाकतो, चांदी त्याच्यावर बसते. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. कलपाने ज्यांना खाज सुटते त्यांनी तर सीडी-४ च्या वाटेला जाऊ नये, घराणं एकच. भांडी, चमचे, फनेल वेगळे, स्वयंपाकघरात परत न जाणारे.

परवाच्या रोलमध्ये काकांचा फोटो होता, कलप धुऊन नुकतेच आलेले असतानाचा. निगेटिव्हला मुळातच नारिंगी झाक असते, रंगांमधली खोट भरून काढण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली. त्यात काळ्या जागी रंग तयारच होत नाही, उरते ती फक्त झाक. दोरीवर वाळत घातलेली पट्टी काकांनी चष्मा वर करून उजेडात धरली.

“अरे, अर्धा तास बसून काळे केले होते,” ते म्हणाले, “तू तर मेंदी लावून ठेवलीस.”